जुन्या गाडीला इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवण्याआधी

जुन्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगावरच बसवलेला असतो. कॅमशाफ्ट फिरला की पंपाचा आर्म हलतो, आतला डायफ्राम खाली-वर होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे जातं. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, स्टँडर्ड हेरल्ड, तिन्ही गाड्यांत हीच व्यवस्था. या पंपाचा एक मोठा गुण सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. इंजिन बंद पडलं की हा पंपही बंद पडतो. गाडी धडकली, उलटली, इंजिन थांबलं, की पेट्रोल ओढणं तिथेच संपलं. इलेक्ट्रिक पंपाला यातलं काहीच कळत नाही. किल्ली चालू आहे तोवर तो पेट्रोल ढकलत राहणार, मग पुढे पाईप तुटलेला का असेना. त्यामुळे इलेक्ट्रिक पंप बसवणं म्हणजे अर्धं काम पंपाचं आणि अर्धं काम हा हरवलेला गुण गाडीला परत मिळवून देण्याचं. पहिलं अर्धं कोणत्याही गॅरेजमध्ये तासाभरात होतं. दुसरं मात्र मालकाने आग्रह धरल्याशिवाय होत नाही.

पण त्याही आधीचा प्रश्न असा, की पंप बदलायची खरंच गरज आहे का?

बहुतेक जण घाटात गाडी बंद पडली की पंपाला दोष देतात. खंबाटकी किंवा बोरघाटात, एप्रिल-मेच्या दुपारी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चाललेली गाडी गुदमरल्यासारखी करते आणि थांबते. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि अर्धा तास चहा घ्यायचा, हा आपल्याकडच्या ड्रायव्हर मंडळींचा जुना उपाय. तो लागू पडतो, कारण गरम पंपात आणि पाईपमध्ये पेट्रोलची वाफ झालेली असते आणि डायफ्रामला वाफ ढकलता येत नाही. यालाच आपण एअर लॉक म्हणतो. मात्र गरम झाल्यावर दगा देणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. इग्निशन कॉइल आणि कंडेन्सर हे दोघेही थंड असताना ठणठणीत आणि तापल्यावर मेलेले, असे वागतात. त्यांनाही अर्ध्या तासाची विश्रांती मानवते, म्हणून श्रेय ओल्या फडक्याला जातं. गाडी बंद पडल्या पडल्या प्लगला ठिणगी येते का ते पाहा. पेट्रोल सांडलेलं किंवा वास येत असेल तर आधी तो प्रश्न मिटवा, मग ठिणगी तपासा. ठिणगीच नसेल तर नवा पंप घेऊन काही होणार नाही.

ठिणगी आहे आणि कार्बोरेटर कोरडा आहे, असं दिसलं तरी टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय का, टाकीतली जाळी गंजाने भरली आहे का, टाकी ते पंप यांच्या मधला रबरी तुकडा तडकून हवा ओढतोय का, हे बघून घ्या. ओढणाऱ्या बाजूला तडा असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. ते दहा-पंधरा सेंटिमीटरचे होजचे तुकडे सरसकट बदलून टाकावेत. त्यानंतरही अडचण उरली तर पंपाचा डायफ्राम बघा. ऑइलची पट्टी बाहेर काढून हुंगा. पेट्रोलचा वास आला आणि ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरत असण्याची दाट शक्यता. अशा ऑइलवर गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

आठवड्यातून दोन-चारदा चालणारी, पंप धड असलेली पद्मिनी असेल तर माझा स्पष्ट सल्ला आहे: इथेनॉल सोसणाऱ्या डायफ्रामचा चांगला किट घालून जुनाच पंप ठेवा. इलेक्ट्रिक पंपाचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. महिना महिना उभी राहणारी गाडी, जिच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मग सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. घाटात सिद्ध झालेला एअर लॉक. किंवा अशी गाडी जिच्या मूळ पंपाचे भाग आता कुठेच मिळत नाहीत. त्यात 2025 पासून देशभर बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही, फुगवतं, मऊ करतं. हवेतलं पाणीही ते धरून ठेवतं.

आता निवड. दुकानात गेलात की विक्रेता तासाला किती लिटर हा आकडा पुढे करतो. तो आकडा आपल्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. हिशेब सोपा आहे. पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकदीवर दर अश्वशक्तीला तासाला साधारण पाव किलोपेक्षा थोडं कमी पेट्रोल लागतं. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन जेमतेम 40 अश्वशक्तीचं. म्हणजे तासाला नऊ-दहा किलो, लिटरमध्ये बारा-तेरा, तेही ॲक्सिलरेटर तळाला टेकवून सलग तासभर चालवली तर. बाजारातला सगळ्यात लहान इलेक्ट्रिक पंपही याच्या कित्येक पट पेट्रोल देतो.

खरी निवड दाबाची आहे. कार्बोरेटरच्या तोंडाशी एक छोटी सुई असते. फ्लोट वर आला की ती सुई भोक बंद करते. पितळेचा हलका फ्लोट जेवढ्या जोराने सुई दाबतो तेवढाच दाब ती अडवू शकते. सोलेक्स किंवा एसयू कार्बोरेटरसाठी दोन ते साडेतीन पीएसआय, म्हणजे साधारण 0.15 ते 0.25 बार, एवढं पुरे. दाब पाच-सात पीएसआयवर गेला की सुई उचलली जाते आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. मग पेट्रोल एकतर गरम मॅनिफोल्डवर सांडतं आणि आग लागते, नाहीतर सिलिंडरमध्ये उतरून भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. म्हणून इंजेक्शनच्या गाडीचा पंप कार्बोरेटरच्या गाडीला कधीही लावू नका. तो तीन बार, म्हणजे 43 पीएसआयच्या आसपास दाब देतो. स्क्रॅपमध्ये असे पंप स्वस्तात मिळतात आणि ‘रेग्युलेटर लावू की’ असं सांगणाराही भेटतो. नकार द्या. कमी दाबाचे रेग्युलेटर थोडा जास्त दाब खाली आणण्यासाठी असतात, पंधरा पट दाब अडवण्यासाठी नव्हे.

कमी दाबाच्या पंपांत दोन जाती आपल्या कामाच्या. पहिली एसयूची, आत कॉइल, डायफ्राम आणि संपर्काचे पॉइंट असलेली. मॉरिस मायनरला हा पंप कारखान्यातूनच येई, बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर बसवलेला. पॉइंट चिकटले की त्याला पान्याने हळूच टकटक करायचं आणि तो पुन्हा चालू व्हायचा, हे मायनर चालवलेल्या पिढीला नक्की आठवेल. आता पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेले एसयू पंपही मिळतात. मूळ एसयू पंप असलेल्या गाडीला तोच बदलून घालावा, दुसरा विचार करू नये. दुसरी जात फॅसेटसारख्या चौकोनी, लहान, सॉलिड-स्टेट पंपांची. आत एक प्लंजर मागेपुढे होतो, बाकी बिघडण्यासारखं फारसं काही नाही. वीज एक-दीड अँपिअर, त्यामुळे डायनामोच्या गाडीलाही भार होत नाही. हे पंप वेगवेगळ्या दाबांचे येतात आणि बाहेरून अगदी सारखे दिसतात. म्हणून नुसता आकार बघून न घेता क्रमांक आणि दाब बघून घ्या. अमेरिकन व्ही-8 गाड्यांसाठीचे रोटरी पंप ताकदवान आणि आवाजी असतात. आपल्या लहान गाड्यांना त्यांची गरज नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या नकलांवर लिहिलेला दाब खरा धरू नका. पंप गाडीला लावण्याआधी गेज जोडून तपासा. शून्य ते पंधरा पीएसआयचं साधं गेज आणि एक टी-जॉइंट एवढ्यावर हे होतं, आणि गेज पुढेही उपयोगी पडतं.

घेताना आणखी एक विचारा: गाडीचं अर्थिंग कुठलं? फियाट-पद्मिनी निगेटिव्ह अर्थ. पण मॉरिस, हिलमन अशा जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. सॉलिड-स्टेट पंप उलटा जोडला तर तो क्षणात जळू शकतो. 1967 च्या आधीच्या बहुतेक फोक्सवॅगन बीटल गाड्या तर 6 व्होल्टच्या. तिथे 12 व्होल्टचा पंप चालणारच नाही. अंदाजाने जोडू नका, बॅटरीच्या केबल डोळ्यांनी बघा.

बसवण्याची जागा हा या कामाचा कणा आहे. इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात पटाईत असतो, ओढण्यात नाही. तो बॉनेटखाली, रेडिएटरच्या शेजारी लावला तर तीन-साडेतीन मीटर पाईपमधून त्याला पेट्रोल ओढावं लागतं. ओढताना पाईपमधला दाब कमी होतो आणि कमी दाबाखाली पेट्रोल लवकर उकळतं. म्हणजे ज्या एअर लॉकसाठी खर्च केला तोच परत. पंप टाकीजवळ बसवला की सगळी लांब लाइन दाबाखाली राहते आणि दाबाखालचं पेट्रोल सहज उकळत नाही. तेव्हा पंप मागे, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा त्याखाली, सायलेन्सरपासून दूर. चाकाने उडवलेले खडे लागणार नाहीत, गतिरोधकाला घासणार नाही आणि मागून धक्का बसला तर पहिला चेपणार नाही अशा जागी. पंपावर बाण असतो, तो कार्बोरेटरच्या दिशेने. बाहेर जाणारं तोंड वरच्या बाजूला असू द्या, म्हणजे हवा आत अडकत नाही. पंप आणि बॉडी यांच्या मध्ये रबरी बुश हवेत, नाहीतर त्याचं टकटकणं मागच्या सीटवर ऐकू येतं.

पद्मिनीची टाकी डिकीत असल्याने पंपही डिकीतच लावायचा मोह होतो. बंद डिकीत पेट्रोलचा एक सांधा जरी पाझरला तरी वाफ साचते, आणि तिथेच पंपाची वायर असते. पंप बाहेर, खालच्या बाजूला लावा.

पंपाच्या आधी जाळीचा, जरा भरड फिल्टर, साधारण 70 मायक्रॉनचा. पंपानंतर, कार्बोरेटरच्या आधी, बारीक कागदी फिल्टर. हे उलटं झालं तर बारीक फिल्टर ओढण्याच्या वाटेत आडवा येतो आणि पंप रिकामा धडधडतो. होज घेताना त्यावरचं छापील अक्षर वाचा. एसएई जे-30 आर-9 असं लिहिलेल्या होजचं आतलं अस्तर फ्लुओरो-रबराचं असतं, ते इथेनॉलला टिकतं. साध्या काळ्या होजवर काहीच छापलेलं नसेल तर तो घेऊ नका. होज फक्त दोन टोकांना, हातभर. मधली सगळी लाइन धातूचीच हवी, स्टीलची किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूची. नुसत्या तांब्याची नळी थरथरून कडक होते आणि पिचते. पंपाच्या आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळू नका. तिचा एक बारीक धागा कार्बोरेटरच्या सुईखाली अडकला की ओव्हरफ्लो सुरू. पेट्रोलला चालणारं द्रव सीलंट वापरा आणि आटे बेतानेच आवळा.

जुन्या पंपाचं काय करायचं? काही मिस्त्री तो जागेवरच ठेवून इलेक्ट्रिक पंपाचं पेट्रोल त्यातून जाऊ देतात. हे धोक्याचं आहे. जुना डायफ्राम फाटला तर इलेक्ट्रिक पंप सरळ इंजिनाच्या चेंबरमध्ये पेट्रोल भरत राहील. नवी लाइन त्याला वगळून न्या. जुना पंप शोभेसाठी जागेवर ठेवायचा असेल तर त्याची दोन्ही तोंडं बंद करा. काढायचा असेल तर त्या जागी जाड पट्टीचं झाकण, नवं पॅकिंग घालून. ज्या इंजिनांत कॅमशाफ्ट आणि पंप यांच्या मध्ये दांडा असतो तिथे तो दांडाही काढून जपून ठेवा, तसाच फिरत राहू देऊ नका.

आता सुरुवातीला म्हटलेलं दुसरं अर्धं.

वीज थेट इग्निशनच्या वायरवरून न घेता रिले लावा. बॅटरीकडून येणारी जाड वायर रिलेच्या 30 क्रमांकावर, तिच्यात बॅटरीजवळच 5 ते 7.5 अँपिअरचा फ्यूज. 87 वरून पंपाकडे दीड चौरस मिलिमीटरची वायर. 85 आणि 86 वर एक टोक अर्थिंगला, दुसरं इग्निशनला. एवढ्याने पंप चालेल, पण अपघातात थांबणार नाही. थांबवण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला इनर्शिया स्विच. धक्का बसला की आतली गोळी जागेवरून उसळते आणि सर्किट तुटतं. वरचं बटण दाबलं की पुन्हा चालू. फोर्ड, जॅग्वार, लँड रोव्हर यांच्या अनेक गाड्यांत तो कारखान्यातूनच असतो. बॉडीच्या भक्कम पत्र्यावर, उभा, घट्ट बसवायचा. लटकत्या वायरवर सोडलेला स्विच निरुपयोगी. दुसरा ऑइल प्रेशर स्विच: इंजिनात ऑइलचा दाब आहे तोवरच पंप चालू. यात सुरू करताना पंपाला वीज मिळावी म्हणून स्टार्टरकडून वेगळी वायर आणावी लागते. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत चांगला, म्हणजे इग्निशनचे ठोके ओळखणारा इलेक्ट्रॉनिक रिले. कॉइलच्या निगेटिव्ह टोकाची एक वायर त्याला जोडायची. किल्ली फिरवली की तो सेकंद-दोन सेकंद पंप चालवून लाइन भरतो आणि इंजिन फिरलं नाही तर बंद करतो. इंजिन सुरू असेपर्यंत चालू, थांबलं की बंद. कॅमशाफ्टवरच्या जुन्या पंपाची सवय ती हीच. जमत असेल तर हा रिले आणि इनर्शिया स्विच दोन्ही लावा, खर्च फार होत नाही. नुसता इग्निशनवर जोडलेला पंप घेऊन मी तरी हमरस्त्यावर जाणार नाही.

यावर एक लपवलेला साधा स्विचही घाला. चोराला अडचण होते हे झालंच, पण गाडी दोन महिने उभी करायची असेल तेव्हा पंप बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवता येतं. कार्बोरेटर रिकामा होतो आणि त्यात इथेनॉलचं पेट्रोल साचून चिकटा धरत नाही.

अर्थिंगकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पंप रबरावर बसवलेला आहे, म्हणजे त्याच्या बॉडीतून अर्थ मिळणार नाही. वेगळी वायर न्या, पत्र्यावरचा रंग नखाएवढ्या जागेत चकचकीत होईपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. नंतर पंप चालू असताना त्याच्या दोन टोकांवर मीटर लावा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर कुठेतरी जोड कच्चा आहे.

हे सारं काम मोकळ्या हवेत, बॅटरीची केबल काढून, इंजिन थंड असताना करावं. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी असावा, पाण्याची बादली पेट्रोलच्या आगीला उपयोगाची नाही. उघडा हॅलोजन दिवा लावून गाडीखाली काम करणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा.

पहिल्यांदा चालू करताना कार्बोरेटरचा पाईप काढून धातूच्या डब्यात सोडा आणि पंप एक मिनिट चालवा. लहान गाडीसाठी अर्धा लिटर जमा झालं तर पुरवठा भरपूर आहे. मग गेज लावून दाब. साडेतीन पीएसआयच्या वर असेल तर रेग्युलेटर, इंजिनाच्या थेट अंगावर न लावता मडगार्डच्या पत्र्यावर. त्यानंतर कार्बोरेटर जोडून पंपाचा आवाज ऐका. आधी भराभर टकटक, कार्बोरेटर भरला की तीच टकटक मंदावते आणि जड होते. एसयू पंप तर पूर्ण थांबतो. आवाज मंदावलाच नाही तर कुठेतरी गळती आहे, सुई धरत नाहीये किंवा पंप हवा ओढतोय. ही टकटक पुढेही तुमचा सर्वांत विश्वासू मीटर ठरेल. दाबाखाली प्रत्येक सांध्यावरून कोरडा टिश्यू पेपर फिरवा. बोटाला न कळणारा ओलावा कागदावर दिसतो. मग इंजिन चालू असताना कॉइलची वायर काढून पंप थांबतो का बघा, आणि इनर्शिया स्विच हातात धरून तळहातावर आपटून तो सुटतो का तेही.

टाकी पूर्ण भरून गाडी उतारावर, नाक खाली करून तासभर उभी करा. काही पंप बंद असतानाही पेट्रोल स्वतःतून वाहू देतात. टाकी कार्बोरेटरपेक्षा वर आली आणि सुई थोडी झिजलेली असली की पेट्रोल रात्रभर ठिबकत राहतं. असं दिसलं तर बंद असताना वाट पूर्ण अडवणाऱ्या व्हॉल्व्हचा पंप घ्यावा लागेल. डोंगरउताराच्या गावात राहणाऱ्यांनी तर तो आधीच मागावा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात. तशी नोंदणी करायचा विचार असेल तर सगळं काम परत काढता येईल असं करा. चेसिसला नवी भोकं न पाडता असलेल्या बोल्टचा आधार घ्या, मूळ वायरिंग न कापता वेगळी वायर टाका. काढलेला पंप आतून कोरडा करून, आर्मला ऑइल लावून, त्याच्या बोल्ट-पॅकिंगसकट पिशवीत बांधून गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. रिलेचं वायरिंग कागदावर काढून तेही त्याच पिशवीत घाला, कारण पुढच्या वेळी गाडी दुसऱ्याच मिस्त्रीच्या हाती असेल. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर क्लिपा पुन्हा एकदा आवळा आणि पंपाआधीची जाळी उघडून पाहा. जुन्या टाकीतला गंज पहिल्यांदा तिथेच दिसतो.